फोटो टाकून मोकळे होता, पुढे काय?

आज सकाळी परत तेच. आमच्या भांडुपच्या ग्रुपवर कुणा माणसाचा फोटो, खाली 'हा मुलींच्या मागे फिरतो, सगळीकडे पाठवा'. कोण, कुठला, तक्रार कुणाची, काही पत्ता नाही. दुपारपर्यंत बायकोच्या ऑफिसच्या ग्रुपवरपण पोचला. डोकंच फिरलं.

आमच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्याचं असंच केलेलं. रोज संध्याकाळी क्लासच्या गेटसमोर उभा असतो म्हणून एका ताईंनी नंबर प्लेटसकट फोटो टाकला. अहो, त्याची स्वतःची पोरगी दहावीला होती त्या क्लासात, तिला न्यायला यायचा! कळल्यावर ताईंनी पोस्ट डिलीट केली, झालं. पोरीने मात्र लाजेने क्लास सोडला.

आणि 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हे मला ऐकवू नका. अब्रुनुकसानी हा बीएनएसच्या (भारतीय न्याय संहिता) कलम ३५६ खाली गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पसरवणाराही अडकू शकतो. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठीचं आयटी कायद्यातलं कलम ६६अ रद्द झालं २०१५ला म्हणून लोकांना वाटतं रान मोकळं. ते गेलं, हे आहे तिथेच आहे, सुप्रीम कोर्टाने २०१६ला उलट कायमच केलं. हां, ॲडमिन लोक सुटतात, दुसऱ्याच्या मेसेजला ते जबाबदार नाहीत असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ला म्हटलंय. ठीक आहे, पण डिलीटचं बटण तर आहे ना हाताशी?

कोर्टकचेरी सोडा. धुळ्यातलं राईनपाडा विसरलात? जुलै २०१८, मुलं पळवणारी टोळी आलीय अशा व्हॉट्सॲपवरच्या अफवा, आणि भिक्षा मागून पोट भरणारी ५ माणसं जमावाने ठेचून मारली.

बायकांनी गप्प बसायचं का मग, असं कुणीतरी विचारणारच. नाही, अजिबात नाही. पोलिसात जा, मी येतो सोबत, खऱ्या मनाने केलेल्या तक्रारीला कायदाच संरक्षण देतो. पण ग्रुप म्हणजे पोलीस स्टेशन नव्हे.

मी त्या रिक्षावाल्याला म्हटलेलं, केस टाका. तर अब्रुनुकसानीत पोलीस थेट एफआयआर घेत नाहीत, स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे जायचं, वकील लावायचा, तारखा घ्यायच्या. तो हसला नुसता. म्हणाला, दादा, तारखेला गेलो तर त्या दिवसाचं भाडं कोण भरणार, रिक्षा माझी थोडीच आहे. यावर काय बोलणार मी.

ताईंना हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच निवांत होत्या. हिंमत असेल तर असाच फोटो एखाद्या बिल्डरच्या पोराचा टाकून दाखवा ना.