दोन टीबीची वाटणी

औशाजवळच्या आमच्या शेताचा सातबारा अजून सामाईक आहे. बारा एकर, सहा नावं. सोयरीक जुळवताना सहाही जण "आपली बारा एकर हाय" असंच सांगतात आणि एकही जण खोटं बोलत नाही. मला याचं नवल वाटायचं बंद झालंय. वाळूजला ज्या कंपनीत मी डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, आहे, तिथे पाच टीमकडे प्रत्येकी २ टीबीचा (साधारण दोन हजार जीबीचा) डेटाबेस आहे आणि स्टोरेजवर सगळे मिळून १ टीबीसुद्धा भरत नाहीत.

याला व्हर्च्युअल डेटाबेस म्हणतात. मूळ डेटाबेसची एकच प्रत हे सगळं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, म्हणजे इंजिनात, असते, तीही कॉम्प्रेस केलेली. टीमच्या सर्व्हरला ती नेटवर्कवरून जोडलेली दिसते. कुणी एखादा ब्लॉक, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, बदलला तर तेवढाच त्याच्या नावावर वेगळा लिहिला जातो. बाकी सगळे त्याच रानात. मागितला की दहा-पंधरा मिनिटांत नवा डेटाबेस हातात. घाण करून ठेवली तर कालच्या तारखेला मागे नेता येतो. ही सोय सातबाऱ्याला असती तर काकांनी विकलेली बांधावरची आंब्याची झाडं आज उभी असती.

भानगड एकच, विहीर सामाईक, म्हणजे इंजिन सगळ्यांत एकच. लाइट आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात. आमच्या परफॉर्मन्स टेस्टिंगच्या मॅडमचा एक रिपोर्ट सकाळी बारा मिनिटांत निघायचा, दुपारी चाळीस. दोष त्यांच्या क्वेरीचा, की शेजारच्या टीमने टाकलेल्या लोडचा, हे कुणीच सांगू शकेना. मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, "फिजिकल करून टाका ना." म्हणजे मॅडमसाठी अख्खी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. फॅन बंद करा म्हणावं तसं.

खरं तर चार दिवसांच्या डेव्हलपमेंटसाठी, ट्रेनिंगसाठी फिजिकल करणं म्हणजे हुरडा खायला रान विकत घेणं. पण वेग मोजायचा असेल तर वाटणी लागतेच, नाहीतर आपण शेजाऱ्याचा लोड मोजत बसतो. मूळ डेटाबेस गेला आणि व्हर्च्युअलवरच धंदा चालू ठेवायची वेळ आली, तरी लवकरात लवकर फिजिकलवर यावं. इंजिन बसलं की त्याच्यावरचे सगळेच डेटाबेस बसतात. त्यामुळे मॅडमची मागणी रास्त होती. मला राग आला तो फक्त त्यांनी ती शुक्रवारी संध्याकाळी केल्याचा.

शनिवारी रात्री बसलो. इंजिनाच्या स्क्रीनवर डेटाबेसपुढे ७०० जीबी लिहिलेलं होतं, म्हणून स्टोरेजवाल्या दादाकडून ऐसपैस १ टीबी घेऊन ठेवलेली. कॉपी सुरू केली, चहा मांडला. साडेबाराला जागा संपली. ७०० जीबी हा कॉम्प्रेस केलेला आकडा होता, हे मला तेव्हा आठवलं. फिजिकल डिस्कवर डेटाफाइल आपल्या पुऱ्या अंगानं बसते. वर टेम्प (तात्पुरत्या कामाची जागा) आणि रीडो लॉग (बदलांची नोंदवही) यांना वेगळी जागा. नऊ वर्षांच्या अनुभवाचा माणूस वाळलेल्या साबुदाण्याएवढं पातेलं घेऊन बसला होता.

दादाला झोपेतून उठवला. त्याने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ३ टीबी दिली. पुन्हा पहिल्यापासून. एक गिगाबिटच्या नेटवर्कमधून सेकंदाला फार तर १२५ एमबी जातात. २ टीबीला कागदावरच साडेचार तास, आणि कागदावरचा वेग आमच्या ऑफिसात कधी आलेला नाही. बरोबर दोन वाजता काकांचा फोन. रानात रात्रीची लाइट असते, पाणी देत होते.

"जागाच हायस का रे? काय करायलास?"

"वाटणी करायलोय काका."

पलीकडे बराच वेळ नुसता मोटारीचा आवाज. मग दबक्या आवाजात, "कुणाला इचारून?"

त्यांना समजावण्यात वीस मिनिटं गेली. कॉपी चार टक्क्यांनी पुढे सरकली.

रविवारी सकाळी दहाला डेटाबेस उघडला. वेगळं निघालं की चूल आपली आपण पेटवायची. या डेटाबेसला आता इंजिन मागे नेणार नाही, म्हणून रात्रीचा बॅकअप लावला, मॅडमना मेसेज टाकला आणि झोपलो.

सोमवारी मेल आला, पंधरा जणांना सीसी. रविवारी दुपारच्या टेस्टमध्ये रिपोर्ट अकरा मिनिटांत! फिजिकलचा जबरदस्त फरक! मॅनेजरांनी माझ्या नावापुढे "जी" लावलं होतं. जेवून आलो आणि सहज नव्या डेटाबेसवरची सेशन्स पाहिली. कालपासून तिथे एकच माणूस लॉगिन झाला होता. मी.

कुठल्या डेटाबेसला जोडायचं हे जिच्यात लिहिलेलं असतं, त्या मॅडमच्या टीएनएस फाईलमध्ये जुन्याच सर्व्हरचं नाव होतं. टेस्ट व्हर्च्युअलवरच चालली होती. रविवार असल्याने बाकीच्या चार टीम आपापल्या घरी मटण खात होत्या, म्हणून विहिरीला पाणी होतं.

मंगळवारी मी गुपचूप फाईल बदलली. मेलला काही उत्तर दिलं नाही. रात्री काकांचा फोन आला.

"झाली का मग तुझी वाटणी?"

"झाली काका. पण सगळे अजून जुन्याच रानात पेरायलेत."

"मग बरं हाय," काका म्हणाले आणि पहिल्यांदाच माझ्या नोकरीबद्दल समाधानी वाटले.