नुसतं वाचून संगणक शहाणा होत नाही

‘संगणकाला इंटरनेट वाचायला मोकळं सोडा. जगातली सगळी माहिती तो आपली आपण शिकेल, चुकला तर आणखी वाचून सुधारेल, माणसाची गरजच नाही.’ हा दावा हल्ली सर्रास फिरतो. मुळात हा प्रयोग खरोखर झालेला आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ ही प्रणाली सुरू केली. चोवीस तास वेबपानं वाचायची आणि ‘अमुक हे शहर आहे’, ‘तमुक या संघाकडून खेळतो’ अशी तथ्यं टिपायची, हे तिचं काम.

माणसाची गरज नाही म्हणता? शहर, कंपनी, खेळाडू हे वर्ग माणसांनी आखून दिले. प्रत्येक वर्गाची दहा-पंधरा उदाहरणं त्यांनीच पुरवली. कोणते दोन वर्ग एकमेकांत मिसळूच शकत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. आजचे चॅटबॉट वेगळ्या पद्धतीने शिकतात, पण त्यांचीही उत्तरं तपासणारी, त्यांना गुण देणारी माणसं असतातच.

आणखी वाचलं की चुका जातात, हे तर साफ चूक आहे. पहिल्या ६७ दिवसांत नेलने सुमारे २ लाख ४२ हजार तथ्यं जमवली, त्यांतली अंदाजे ७४ टक्के बरोबर होती. पण ही सरासरी झाली. त्या काळाचे तीन टप्पे केले, तर अचूकता ९० टक्क्यांवरून ७१ वर आणि शेवटी ५७ वर घसरलेली दिसते. का, ते एका उदाहरणावरून कळतं. पाव, केक, बिस्किटं हा ‘भाजलेले पदार्थ’ वर्ग नेल छान ओळखत होती. मग ‘मी माझ्या इंटरनेट कुकीज डिलीट केल्या’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य तिच्या वाचनात आलं. या कुकीज म्हणजे वेबसाइट आपल्या संगणकात ठेवते त्या छोट्या नोंदी. पण नेलच्या लेखी कुकीज म्हणजे खायची बिस्किटं, म्हणून इंटरनेट कुकीजही त्या वर्गात गेल्या. फाइलीही डिलीट होतात, मग फाइलीही त्याच वर्गात! एका चुकीच्या आधारावर पुढची चूक उभी राहत गेली आणि वाचन वाढलं तसा गोंधळ वाढला. शेवटी मिचेल यांनाच हात घालून तो वर्ग साफ करावा लागला.

चार ठिकाणी छापलं म्हणजे खरं, हेही मनातून काढून टाका. भलत्याच कवीच्या नावावर फिरणारी कविता हजार ठिकाणी सापडते, म्हणून ती त्याची होत नाही.

आणि ‘सगळी माहिती’ नेटवर आहे, हे मराठी माणसाने तरी म्हणू नये. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, पण इंग्रजी विकिपीडियापुढे मराठी विकिपीडिया फारच लहान आहे. जे नेटवर आहे, त्यातलंही बरंच वाचण्याजोगं नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी, सगळ्या संगणकांना कळणारी पद्धत. तिच्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली एखादी मराठी पीडीएफ उघडा, त्यातला परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करा. बहुतेक वेळा रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी हाती येते. संगणकालाही तेवढंच दिसतं. तो मजकूर युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरं तपासून, मूळ पानाशी ताडून पाहणारं माणूस आधी बसवावं लागेल.