शोभेची बाग नव्हतीच ती

सर, सविस्तर कमेंटबद्दल आधी थँक्यू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की न्यू इंग्लंडच्या (म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या) पहिल्या इंग्रज वसाहतवाल्यांच्या औषधी बागांवर मी जे लिहिलं ते टूरिस्टांना दाखवायचं कौतुक, फुलं नुसती शोभेची होती आणि खरं ज्ञान तिथल्या मूळ लोकांचं, गोऱ्यांनी ते ढापलं. ढापाढापी झाली यात वादच नाही, जमिनीपासून सुरुवात आहे. पण बागेपुरतं बोलायचं तर तुमचं गणित उलटं पडतंय.

सॅसाफ्रास घ्या. तिकडचं जंगली झाड, त्याची मुळं-साल सिफिलिसवर चालते अशी युरोपात समजूत, त्यामुळे भाव एवढा की 1603 मध्ये इंग्रज दर्यावर्दी मार्टिन प्रिंग तेच भरून आणायला जहाजं घेऊन गेला. तिथे तुमचा मुद्दा बसतो. पण घराला लागून जो वाफा होता त्यात काय होतं? तिथल्या वसाहतीच्या गव्हर्नरचा मुलगा जॉन विन्थ्रॉप ज्युनियर, त्याने 1631 मध्ये निघायच्या आधी लंडनच्या किराणावाल्याकडून बियाणं घेतलं त्याचं बिल आजही उपलब्ध आहे, त्यात कोबी-गाजराच्या जोडीला अँजेलिका, हिसप, रोझमेरी, कॅलेंड्युला अशा औषधी वनस्पती. सगळं इंग्लंडातल्या घरचंच! आणि ते साहजिक होतं, कारण त्यांचं वैद्यक शरीरातल्या चार रसांवर (रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त) चालायचं, रस बिघडले की आजार, आणि कुठली वनस्पती उष्ण कुठली थंड हे ठरलेलं, आपली आजी पपई उष्ण म्हणते ना तसंच. अनोळखी झाडाची प्रकृती कोण सांगणार, त्यापेक्षा आईच्या परसातलं बरं.

आता हवामानाने त्यांची कशी जिरवली बघा. जॉन जॉसलिन या इंग्रज प्रवाशाने 1672 मध्ये आपल्या पुस्तकात काय रुजतं काय नाही याची यादीच छापली, फीव्हरफ्यू नावाची औषधी वनस्पती जोरात, धणे-शेपू मस्त, पण रोझमेरी आणि लॅव्हेंडर या देशाचं काम नाही म्हणून मोकळा. त्याच पुस्तकात प्लांटेन आहे, इसबगोलाच्या कुळातलं रुंद पानाचं, जखमेवर लावायचे. ते कुंपणाबाहेर पळालं आणि इतकं पसरलं की मूळ लोक त्याला इंग्रजाचं पाऊल म्हणायला लागले. म्हणजे झाडंसुद्धा वसाहत करत होती, हे मी मूळ पोस्टमध्ये लिहिलंय, तुम्ही बहुतेक तिथपर्यंत पोचला नाहीत.

शोभेचं म्हणाल तर कॅलेंड्युलाच्या पाकळ्या वाळवून ठेवायच्या आणि हिवाळ्यात सूपमध्ये टाकायच्या, रंगालाही आणि औषध म्हणूनही. टॅन्सी या औषधी रोपाची गुंड्यांसारखी पिवळी फुलं आज फोटोत गोड दिसतात, पण तिच्या पाल्याचा रस फेटलेल्या अंड्यात घालून ईस्टरच्या सुमारास ऑम्लेटसारखं भाजून खायचे, पोटातले जंत पडावेत म्हणून. कडू असणार प्रचंड.

ही सगळी औषधं लागू पडायची असा माझा दावा नाही, कुठे केलेलाही नाही. 1620-21 च्या पहिल्या हिवाळ्यात मेफ्लॉवर जहाजावरून तिथे उतरलेली जवळजवळ निम्मी माणसं गेली, तिथे कुठला काढा पुरणार होता.

आणि खाली एका ताईंनी टॅन्सीचा काढा घरी करता येईल का विचारलंय. नको ताई, त्यात थुजोन नावाचं द्रव्य असतं, जास्त झालं तर विषारी. जंतांसाठी डॉक्टरकडून गोळी घ्या.