‘झुंड’ फसला म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक पोस्ट अधूनमधून डोकं वर काढते. आशय असा: कथनाचे, चित्रपटप्रकारांचे, जेंडरचे सिद्धांत परदेशी, आपल्या सिनेमाला ते लावणं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. पुरावा म्हणून आपल्याच शहरात घडणारा नागराज मंजुळेंचा ‘झुंड’. खेळाचा सिनेमा, हिरो अमिताभ, मॅच मध्यंतरापाशीच आटोपली, पुढे नुसतं रटाळ. तरी समीक्षक थिअरी लावून त्याला डोक्यावर घेतात. शिवाय जेंडर म्हणजे बायकांची डोकी मोजणं, आणि चिरफाड केली की मजा जाते.

आधी ‘परदेशी’. लोककथांचा अभ्यासक व्लादिमिर प्रॉपने १९२८ साली रशियन परीकथांवर काम केलं आणि आपलं म्हणणं त्याच कथांपुरतं आहे हे त्यानेच स्पष्ट केलं होतं. तेव्हा कथेत ठरावीक क्रमाने येणाऱ्या त्याच्या ३१ क्रिया दिसेल त्या सिनेमाला चिकटवणाऱ्यांना पोस्टवाल्यांनी खुशाल झोडपावं, मी सोबत आहे. पण कथेची हाडं मोजायची सवय बाहेरून आली म्हणता? प्रारंभ, प्रयत्न, प्राप्तिसंभव, नियतफलप्राप्ती, फलयोग या नाटकातल्या कथेच्या पाच अवस्था भरताच्या नाट्यशास्त्रात आहेत. तेव्हा कुठे होतं हॉलिवूड?

आता ‘हिरो अमिताभ’. इथे प्रॉप खरंच कामी येतो. त्याच्याकडे पात्र कोण यापेक्षा ते कथेत काय काम करतं याला महत्त्व. अमिताभचा विजय बोराडे पावसात प्लास्टिकचा डबा लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरं बघतो, फुटबॉल आणून देतो, वर खेळायचे पैसेही देतो. प्रॉपच्या हिशेबात हा दाता: नायकाच्या हाती साधन देणारा. घर सोडून, अडथळे पार करून दूर जायचं आहे ते त्या पोरांतल्या डॉनला, म्हणजे अंकुशला. अमिताभचा चेहरा इतका मोठा की आपली नजर तिकडेच खेचली जाते, हे खरं. बोराडे ज्यांच्यावर बेतला ते विजय बारसे; त्यांनी २००१ साली नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल खेळवणारं स्लम सॉकर सुरू केलं. खऱ्या माणसाचं मोठेपण निर्विवाद आहे, पण कथेत पणाला लागलंय ते पोराचं आयुष्य.

‘मॅच आधीच आटोपली’ हा पोस्टमधला सगळ्यात दमदार मुद्दा, म्हणून इथे जरा थांबू. सिनेअभ्यासक रिक ऑल्टमनने १९८४ साली चित्रपटप्रकाराकडे दोन अंगांनी बघायला सुचवलं: एक, वरच्या खुणा, दुसरं, त्या खुणांची एकमेकींत गुंफण. ‘झुंड’मध्ये खुणा सगळ्या आहेत. मैदान, कोच, कच्ची टीम, समोर कॉलेजची बूटवाली पोरं. गुंफण मात्र उलटी. इतर खेळपटांत शेवटची शिट्टी वाजली की अन्याय मिटतो, हरलेलेही टाळ्या वाजवतात. नागराज मंजुळे ती शिट्टी मध्यंतराजवळच वाजवून टाकतात आणि विचारतात, जिंकले बाप्पा, आता पुढे काय? पुढे परदेशी खेळायला जायचं तर पासपोर्ट. टीममधली मोनिका आणि तिचा बाप ओळखीच्या कागदासाठी दारोदार फिरतात. या मुलीला आपण कोण हे सिद्ध करायला माणसंच सापडत नाहीत. अंकुशच्या मानेवर पोलीस केस. म्हणजे दुसऱ्या भागातही सामना चालूच आहे, फक्त समोरची टीम बदलली. विमानतळाच्या सुरक्षा तपासणीत तो अडकतो आणि मशीन वाजत राहतं, तेव्हा थिएटरात जी चुळबूज होते ती पेनल्टी किकचीच. तीन तासांच्या आसपास लांबी आहे, काही प्रसंग कातरता आले असते, कबूल. पण मॅचची जागा चुकली म्हणणं म्हणजे दिग्दर्शकाने मुद्दाम मोडलेला साचा त्याच्याच गळ्यात घालणं.

बायकांची डोकी मोजणं? दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर बोलाव्यात, ही कसोटी १९८५ सालच्या ॲलिसन बेक्डेलच्या कॉमिक स्ट्रिपमधली. शंभर सिनेमांचा कल कळायला ठीक, एका सिनेमाचा निकाल लावायला कुचकामी. सिनेअभ्यासक लॉरा मल्वीने १९७५ साली विचारलं ते वेगळं: बघतो कोण आणि बघितलं जातं कोणाला? ‘सैराट’मध्ये आर्ची वर्गात परश्याकडे रोखून बघते नि तोच अवघडतो, यातली गंमत या प्रश्नाने चटकन उलगडते. आणि हाच प्रश्न ‘झुंड’ला अडचणीत आणतो. कॉलेजातली भावना नावाची मुलगी आपल्याला बहुतेक अंकुशच्या नजरेतूनच भेटते. मोनिकाला खेळाडू म्हणून जितकं बघायला हवं होतं तितकं मिळत नाही. थिअरी लावली की सिनेमा डोक्यावर घेतला जातो म्हणणाऱ्यांनी हे कुठे बसवायचं?

मजा जाण्याबद्दल एवढंच, की ज्याची गेली त्याने वाद घालत बसू नये, बिनथिअरीचा सिनेमा बघावा. माझी वाढते, कारण नावडलेल्या जागेवर नेमकं बोट ठेवता येतं. ‘झुंड’मध्ये माझ्यासाठी ती जागा कोर्टातलं भाषण. बोराडे बोलायला उभा राहतो, कॅमेरा त्याच्याकडे वळतो आणि इतका वेळ दाता राहिलेला माणूस पुन्हा हिरो होतो. ज्याचा खटला आहे ते पोरगं गप्प उभं. पोस्टवाल्यांनी सिनेमाला धरायचंच होतं तर इथे धरायचं होतं.