माळ पेटवून हुमणी मरत नाही

फेब्रुवारी सरला की पशुपालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो : ‘पावसाआधी गायरान पेटवा. जमिनीतली हुमणी, फऱ्या-फाशीचे जंतू आणि गोचिडं जळून जातात, राखेचं खत होतं, नवं गवत दुप्पट येतं.’ हुमणी म्हणजे गवत-पिकांची मुळं कुरतडणारी भुंगेऱ्याची कीड, तर फऱ्या आणि फाशी (अँथ्रॅक्स) हे गुरांचे जीवघेणे रोग. या सल्ल्यापायी दरसाल डोंगरच्या डोंगर काळे पडतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

आधी हुमणी. तिची अळी गवताच्या मुळ्या कुरतडते ती पावसाळ्यात. मार्च-एप्रिलमध्ये, ऐन वणव्याच्या दिवसांत, तयार झालेला भुंगेरा जमिनीत खोल निपचित पडलेला असतो. गवताची आग तर वाऱ्यासरशी पुढे पळते. विझल्यावर चार बोटं माती उकरून हात लावून बघा, धग खाली उतरलेलीच नसते. भुंगेरे बाहेर येतात वळवाच्या सरींनंतर, तिन्हीसांजेला, आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. त्यांना गाठायची वेळ तीच. आगीत मरतात ती टिटवीची आणि चंडोलाची जमिनीवरची अंडी, आणि हे पक्षी तर किडे टिपणारे!

फऱ्या आणि फाशीचा दावा मात्र सगळ्यात घातक आहे, कारण माळ जाळला म्हणून कुणी लस टाळली तर जनावर जातं. या दोन्ही रोगांचे जंतू मातीत बीजाणू होऊन राहतात. बीजाणू म्हणजे जाड कवचात झोपलेला जंतू. ऊन, थंडी, दुष्काळ सोसून तो वर्षानुवर्षं टिकतो. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ साली ब्रिटिशांनी मेंढ्यांवर फाशीच्या जंतूंचे प्रयोग केले. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं ते बेट माणसांना बंद होतं. १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात फॉर्मल्डिहाइड मिसळून तिथली माती भिजवली, तेव्हा कुठे १९९० मध्ये ते सुरक्षित ठरलं. इतक्या चिवट बीजाणूंचं मिनिटभराची गवताची आग काय वाकडं करणार?

उलट धोका वाढू शकतो. गवताचं आच्छादन गेलं की पहिल्याच पावसात वरची माती वाहून सखल जागी, पाणवठ्याशी साचते, आणि तिच्याबरोबर बीजाणूही. शिवाय उघड्या माळावर आखूड कोंब खाताना जनावर तोंड जमिनीला घासतं आणि घासाबरोबर माती गिळतं.

गोचिडाचं म्हणणं अर्धं खरं आहे. गवतावर चढून बसलेली पिल्लं जळतात, हे मान्य. पण गोठ्याच्या भिंतीच्या फटीत आणि जनावराच्या अंगावर असलेली तशीच राहतात. एकेक मादी हजारो अंडी घालते, त्यामुळे माळ पुन्हा भरायला वेळ लागत नाही.

राहिलं खत. राखेत पालाश उरतो, पण गवतातला बराचसा नत्र धुरावाटे उडून जातो आणि उरलेली राख वारा-पाणी नेतं. कोवळी हिरवळ दिसते खरी. पण वर्षानुवर्षं जाळलेल्या माळावर पवना आणि मारवेल ही चाऱ्याची गवतं मागे हटतात आणि कुसळी गवत माजतं, कारण त्याचं टोकदार बी स्वतःला पीळ देत मातीत शिरतं आणि आगीतून वाचतं. तेच कुसळ पुढे मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातड्यात रुततं.

काडी लावण्यापेक्षा वाळलं गवत कापून गंजी रचा, मे महिन्यात तेच उपयोगी पडेल. वणव्यापासून माळ वाचवायला कडेने जाळपट्टे, म्हणजे आग अडवणारे बिनगवताचे मोकळे पट्टे, काढा. फऱ्या आणि घटसर्प (गुरांचा घसा सुजवणारा रोग) यांची लस पावसाआधी टोचून घ्या, आणि जिथे फाशी पूर्वी होऊन गेली असेल तिथे तिचीही. वळीव पडल्यावर संध्याकाळी झाडं हलवून भुंगेरे गोळा करा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात बुडवा. अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-गुदातून काळपट रक्त येत असेल तर त्याचं कातडं सोलू नका, शवही फाडू नका, कारण हवा लागली की फाशीचे जंतू बीजाणू होतात. डॉक्टर येईपर्यंत कुत्री-गिधाडं तिथे फिरकू देऊ नका.