अभिनंदन, तुमचा देश पहिल्या फेरीत आहे!

जपानी टेनिस-मांगातल्या (म्हणजे चित्रकथेतल्या) सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात तुमच्या देशाचा नंबर लागला आहे. तुम्ही जर्मनी, स्पेन किंवा अमेरिकेचे असाल तर पुढे वाचू नका, तुमची सोय आधीच झालेली आहे. बाकीच्यांनी बसून घ्या. तुम्हाला हरायचंय, आणि ते नीट हरता आलं पाहिजे.

आधी तुम्हाला बोलावलं का, ते समजून घ्या. ‘द प्रिन्स ऑफ टेनिस’ हे मांगा 1999 साली सुरू झालं तेव्हा मामला शाळेपुरता होता. बारा वर्षांचा नायक, शाळेचा संघ, मग टोकियो, मग कान्तो विभाग, मग राष्ट्रीय स्पर्धा. असं करता करता जपानात हरवण्याजोगं कोणी उरलंच नाही. मग 2009 साली सुरू झालेल्या पुढच्या मालिकेत जग मागवावं लागलं. ते जग म्हणजे तुम्ही. पंगतीत पानं रिकामी दिसू नयेत म्हणून शेजारच्या आळीतून हाका मारून बसवलेल्यांना जो मान असतो, तो तुम्हाला मिळेल. तक्रार करू नका, जिलबी मिळते.

ही स्पर्धा ऑस्ट्रेलियात भरते. जपानचा संघही क्रमवारीत बराच मागे असतो, हे पाहून ‘आपण एकाच नावेतले’ असं वाटून घेऊ नका. त्यांचा क्रमांक खाली ठेवलाय तो वर चढण्यासाठी. तुमचा खाली आहे, कारण तो खाली आहे.

आता चेहऱ्याकडे वळू. चित्रकाराने तुम्हाला डोळे काढले आहेत का, हे आधी आरशात पाहा. कपाळावरच्या केसांची सावली नाकापर्यंत आली असेल आणि खाली नुसतं दात विचकलेलं तोंड असेल, तर सामानाची बॅग उघडण्याचे कष्ट घेऊ नका. डोळे असतील तर एक गेम मिळेल. डोळे आणि डाव्या गालावर व्रण असेल तर दोन. आजारी धाकटी बहीण असेल तर अख्खा सेटसुद्धा हाती लागू शकतो, फक्त तिची आठवण 5-4 अशी आघाडी असताना काढू नका. आघाडीवर असताना ज्याला घर आठवलं, तो घरीच गेला म्हणून समजा.

नावाचा प्रश्न सोपा आहे. तुमच्या देशाबद्दल शाळेच्या पुस्तकात जो एक परिच्छेद असतो, त्यातला पहिला शब्द कर्णधाराला द्या. ग्रीसच्या कर्णधाराचं नाव झ्यूस आहे. थट्टा करत नाही, खरंच आहे. ग्रीसमध्ये मुलांची नावं यॉर्गोस, निकोस अशीही असतात, पण यॉर्गोस नावाच्या मुलाकडून कोण घाबरून हरणार? तेव्हा उद्या भारताचा संघ कागदावर उतरलाच, तर आपला कर्णधार पद्मासनात सर्व्हिस करील आणि चेंडू पुंगीसमोरच्या नागासारखा डोलत जाईल, याची मनाची तयारी ठेवा. रामनाथन कृष्णन 1954 साली, मुलगा रमेश 1979 साली आणि लिअँडर पेस 1990 साली ज्युनिअर विम्बल्डन जिंकले, असलं काही तिथे सांगत बसू नका. तिघांपैकी एकालाही हवेत तरंगता येत नव्हतं.

तंत्राचं फार मनावर घेऊ नका. समोरच्याने पाय न हलवता सगळे चेंडू स्वतःकडे ओढून घेतले, तर पंचाकडे पाहू नका. तो त्याचा हक्काचा फटका आहे. एखाद्या फटक्याने तुम्ही उडून प्रेक्षकांत पडलात, तर शक्यतो हसतमुख पडा. टाके पुढच्या पानावर निघतात. आणि स्वतःचा खास फटका असेल तर त्याचं नाव मारण्याआधी मोठ्याने उच्चारा. तो दुसऱ्यांदा मारू नका, पहिल्या वेळीच प्रतिस्पर्ध्याच्या वहीत त्याची टक्केवारी उतरलेली असते.

इथे कोणी शहाणा उठून म्हणेल, की खऱ्या जगात असं नसतं. नसतं ना! खऱ्या जगात चेक प्रजासत्ताकातल्या प्रोस्तेयोव्ह गावात चौदा वर्षांखालच्या संघांची जागतिक स्पर्धा भरते. तिथे लढत दोन एकेरी आणि एका दुहेरीत आटोपते, कुणालाही वीज चमकवता येत नाही, आणि मुलांना घाम येतो. फारच रटाळ. मोठ्यांच्या डेव्हिस चषकात, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेत, तर सान मारिनो नावाचा देश येतो. एवढ्या लोकवस्तीला आपल्याकडे नगरपरिषद मिळते. त्यांच्या डोमेनिको व्हिचिनीने 1993 पासून खेळत 99 लढती खेळल्या, जगात सर्वांत जास्त. सायप्रसच्या मार्कोस बगदातिसने डेव्हिस चषकात एकेरीचे सलग 36 सामने जिंकून ब्यॉन बोर्गचा 33चा विक्रम मोडला, तोही बहुतेक खालच्या गटांत, जिथे पत्रकार वाट चुकूनच येतात. 99 लढतींचा माणूस मांगात आणला तर करायचं काय? त्याचा खास फटका कोणता, तर पुढच्या वर्षी पुन्हा येणे. ते दोन पानांत काढून दाखवता येत नाही.

मला विचाराल तर या जाड ग्रंथांतली सगळ्यात मन लावून काढलेली पात्रं तुम्हीच आहात. नायकाला जिंकायचं असतं, ते कोणालाही जमतं. तुम्हाला चार चौकटींत गर्विष्ठ, चकित, भयभीत आणि नतमस्तक व्हायचं असतं, तेही परक्या देशात अस्खलित जपानी बोलत. (दुभाषा कुठे असतो, हे मला अजून दिसलेलं नाही.)

एक काळजी मात्र घ्या: परतीचं तिकीट लगेचचं काढू नका. खरी नोकरी हरल्यानंतर सुरू होते. पराभूत संघांना पुढच्या फेरीत प्रेक्षागारात बसवतात, पूर्ण गणवेशात, हातांची घडी घालून. आता तुमचं काम जपानचा सामना पाहून दचकण्याचं. हॉटेलच्या खोलीत सराव करून ठेवा. भुवया वर, कपाळावर घामाचा एकच थेंब, आणि शेजारच्या खेळाडूकडे न पाहता म्हणायचं, ‘अशक्य! हा चेंडू तर...’

इथे थांबा. पुढचं सांगायला नायकाचा चष्मेवाला मित्र आहे.