चामड्याचीच लागते

गेल्या मंगळवारी सकाळी दादरच्या फलाटावर, पूर्ण शुद्धीत असताना, चारचौघांदेखत मला एका अनोळखी गृहस्थांची चप्पल हुंगावी लागली. आठवडा उलटला, तरी तो वास नाकातून गेलेला नाही आणि राग डोक्यातून.

कारण म्हणाल तर क्षुल्लक होते. ठाण्याला मला चौथी सीट मिळाली. तिघांच्या बाकावर चौथ्याने बूड टेकायचे, म्हणजे अर्धे बाकावर आणि अर्धे अधांतरी. त्यात बाकाची कड मांडीच्या मागच्या बाजूला नेमकी तिथे रुतते, जिथून सायॅटिक ही शरीरातली सर्वांत लांब आणि सर्वांत जाड नस पायाकडे उतरते. तिच्यावर बराच वेळ दाब राहिला की ती स्वतःही चेपते आणि तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही चेपतात. मग पाय कुठे आहे ही खबर वर मेंदूकडे जात नाही आणि ‘ऊठ’ हा मेंदूचा हुकूम खाली पायापर्यंत पोचत नाही. घाटकोपरला मांडी जड झाली आणि कुर्ला सुटल्यावर उजवा पाय माझा राहिलाच नाही. दादरला तो माझ्याबरोबर उतरला खरा, पण उभा राहिला नाही.

मी डाव्या, म्हणजे शाबूत गुडघ्यावर आपटलो. गुडघा असा आपटला की दुखणे दोन हप्त्यांत येते. आधीची तीक्ष्ण कळ ज्या तंतूंमधून जाते त्यांच्यावर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते, त्यामुळे ती वाटेत थोड्याच ठिकाणी थांबत फास्ट लोकलसारखी पोचते; मागून येणारा ठणका बिनवेष्टणाच्या बारीक तंतूंमधून सेकंदाला जेमतेम एक मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगाने येतो. माझी कळ येऊन गेली होती आणि ठणका अजून वाटेत होता, तेवढ्या अवकाशात डोक्यावरून निदान आले, “फिट आली! बाजूला व्हा, फिट आली!”

निदान करणारे गृहस्थ साठीचे होते, राखाडी सफारीत होते आणि एका हाताने माझे डोके धरून दुसऱ्या हाताने गर्दी आवरत होते. मी म्हणालो, “अहो, मला काही झालेलं नाही, पाय बधिर झालाय.” ते माझ्याकडे न बघता जमलेल्या लोकांना म्हणाले, “पेशंटला कळत नसतं.” ज्याला मोठी फिट आलेली असते तो असा वाद घालू शकत नाही, हे त्यांना सांगावे असे मनात आले, पण पेशंटला कळत नसते, हे एव्हाना ठरून गेले होते.

त्यातच नसेवरचा दाब सुटल्याने पायाला मुंग्या येऊ लागल्या. आपल्या भाषेने हा शब्द फार अचूक योजला आहे, कारण शुद्धीवर येणारे तंतू शिस्तीत कामाला लागत नाहीत. ते वाटेल तसे, एकेकटे संदेश सोडू लागतात आणि मेंदूला त्यातून अंगावर काहीतरी हुळहुळत चालल्याचा अर्थ लागतो. मुंग्या आल्या की माणूस पाय झटकतो. मीही झटकला.

“बघा, झटके!” सफारीवाले गरजले. “चप्पल काढा कुणीतरी!”

एका मुलाने तत्परतेने आपली चप्पल पुढे केली. गृहस्थांनी ती हातात घेऊन, वाकवून, भाजी पारखावी तशी पारखली आणि परत केली. “ही रबराची आहे. रबराचा उपयोग नाही, चामड्याचीच लागते.” यावर मागून कोणीतरी कांदा चालेल का, असे विचारले, कांद्याने उशीर लागतो, असा निर्वाळा देऊन त्यांनी स्वतःच्या उजव्या पायातली चप्पल काढली. रबराची चप्पल नापास झालेल्या मुलाने भरपाई म्हणून माझ्या मुठीत बाइकची किल्ली कोंबली, कारण लोखंडही लागते.

ती चप्पल मी इतक्या जवळून पाहिली की आजही तिचे चित्र काढून दाखवीन. टाच बाहेरच्या अंगाने झिजली होती, तळाला फूलबाजारातल्या चिखलासह झेंडूची एक पाकळी चिकटली होती आणि अंगठ्याच्या जागी काळा, चकचकीत खळगा पडला होता. बाकीच्या जवळजवळ सगळ्या संवेदना मेंदूच्या बाह्यकापर्यंत, म्हणजे बाहेरच्या थरापर्यंत, थॅलॅमस या जंक्शनवरून जातात. वासाला मात्र तिथे थांबावे लागत नाही, तो भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी शेजारी थेट जाऊन धडकतो. त्यामुळे यापुढे मला झेंडूच्या हारामागेही ती चप्पल आठवणार आहे. निदान दसऱ्यापर्यंत तरी.

अर्ध्या मिनिटात पाय ताळ्यावर आला आणि मी उभा राहिलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या मला नव्हे. अपस्माराचा झटकाही बहुधा एकदोन मिनिटांत आपोआप थांबतो आणि तेवढ्यात नाकाशी जे असेल त्याला श्रेय मिळते. चप्पलेची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे ती अशी. खरा झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळाकडे बघावे आणि पाच मिनिटांत थांबले नाही तर 108 ला फोन करावा, एवढेच करायचे असते. पण त्यात कोणाची चप्पल लागत नसल्यामुळे ते कोणी करत नाही. मला तरी मुंग्याच आल्या होत्या. मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच ठेक्यात पेटल्याने जे खरोखर कोसळतात, ते शुद्धीवर येतात तेव्हा त्यांच्याभोवती हीच गर्दी असते, तोंडाला हाच वास असतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुजबुजही असते. हिंदू विवाह कायद्यात 1976 साली अपस्मार ही लग्नाआडची बाब म्हणून घातली गेली होती, ती निघायला 1999 उजाडले. कायद्यातून ती निघाली. स्थळे बघणाऱ्यांच्या चौकश्यांमधून निघालेली नाही.

मी तरातरा पूल चढू लागलो, तर मागून तो मुलगा धावत आला. “काका, माझी किल्ली.” ती अजून माझ्या मुठीत होती.

काल ठाण्याला डब्यात शिरलो, तर खिडकीशी तेच सफारीवाले. त्यांनी मला लगेच ओळखले, शेजारच्या दोघांना “हेच ते” म्हणून माझी माहिती दिली आणि “गोळ्या चालू आहेत ना?” असे आख्ख्या डब्याला ऐकू जाईल इतक्या आपुलकीने विचारले. सगळे प्रामाणिकपणे समजावून सांगायला मी तोंड उघडले होते. पण तेवढ्यात तिसऱ्या सीटवरचा तरुण माझ्यासाठी उठून उभा राहिला.

“चालू आहेत,” मी म्हणालो आणि बसलो.

गृहस्थांनी समाधानाने मान डोलावली आणि माझी नजर त्यांच्या पायांकडे गेलेली पाहून ते दिलगिरीच्या सुरात म्हणाले, “त्या दिवशीची नाही ही. पण काळजी करू नका, ही पण चामड्याचीच आहे.”